मदत हवी आहे: पाणी दिलेली पिन न वाकता तुटली, टेम्परिंग (पाणी दिल्यावर पुन्हा कमी तापमानाला तापवणं) किती अंशांवर करावं?

०.४५ टक्के कार्बनच्या पोलादाची १६ मिमी व्यासाची पिन केली होती. ८५० अंश सेल्सियसला तापवून पाण्यात बुडवली. कडकपणा रॉकवेल सी मापपट्टीवर ५६ भरला, कानस नुसती घसरत होती. मग ३०० अंशांवर तासभर टेम्परिंग केलं. बाहेर काढली तेव्हा सुरेख निळी झाली होती. जोडणीत बसवली आणि पहिल्याच धक्क्याला दोन तुकडे! तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे चमचमणारे दाणे दिसतात.

आधी हीच पिन हीट ट्रीटमेंट न करता वापरली होती, ती दोन दिवसांत वाकली. मला ताकद हवी आणि तुटण्याआधी थोडं वाकणंही हवं. टेम्परिंगचं तापमान वाढवलं तर कमावलेला कडकपणा जाईल, ही भीती आहे. की चूक भट्टीतच झाली? पाणी देण्याआधी पिन ८५० वर दोन तास होती.

उत्तर:
निळा रंग वाचला आणि तिथेच थांबलो. पाण्यात बुडवल्यावर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो लोहाच्या अणूंच्या जाळीत अडकतो. हा मार्टेन्साइट. कडक, पण आतून ताणलेला. टेम्परिंगमध्ये तोच कार्बन कार्बाइड (लोह-कार्बनचं संयुग) होऊन सुटतो. साधारण २५० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात हे कार्बाइड पातळ पापुद्र्यांसारखे पसरतात आणि तड्याला आयती वाट मिळते. म्हणजे कडकपणाही उतरला आणि चिवटपणाही गेला.

धक्का खाणाऱ्या पिनेला ५५० ते ६०० अंश द्या. तिथे कार्बाइडचे बारीक गोल कण होतात. कडकपणा २५ ते ३० वर येईल, येऊ द्या. मूळ पोलादापेक्षा ताकद तरीही जास्त राहील आणि पिन तुटण्याआधी वाकेल.

दोन तास मात्र फार झाले. उगाच जास्त वेळ ठेवलं की पोलादाचे दाणे (आतले बारीक स्फटिक) वाढतात, आणि मोठा दाणा ताकद व चिवटपणा दोन्ही खातो. पिन आतपर्यंत तापल्यावर १५-२० मिनिटं पुरतात. पाण्यातून काढल्यावर टेम्परिंग लगेच करा. रात्रभर तशीच ठेवलेली पिन सकाळी तडकलेली मी पाहिली आहे.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ६०० वरून हवेत गार करू की पाण्यात?

उत्तर:
या साध्या कार्बन पोलादाला हवा चालते. सावकाश गार होताना ठिसूळ होण्याचा धोका मुख्यतः निकेल-क्रोमियमच्या पोलादांना असतो.