एसी गळून कपाटामागे बुरशी. रंगाच्या आधी काय करू?

पूर्वेची वहिनी:
नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला. बेडरूमचा दीड टनाचा स्प्लिट एसी मे महिन्यापासून आतून टिपकतोय. माणूस आला, फिल्टर धुतला, साडेसहाशे घेतले, "ताई, आता बघायला नको" म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा टपटप. खाली बादली ठेवून आम्ही सवय करून घेतली, ही चूक आमचीच. रविवारी पैठणी काढायला गेले तर घडीला कुबट वास. कपाट पुढे ओढलं, तर भिंतीवर परातीएवढा काळा-हिरवा डाग आणि प्लायला पांढरी लव. सासूबाईंना दमा आहे, त्या याच खोलीत झोपतात. हे म्हणतात पुट्टी भरून रंगवून टाकू. शेजारीण म्हणते व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही मार. काय करू?

चुनाविटा:
वहिनी, आधी ते ब्लीच खाली ठेवा! व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. संडासाच्या ॲसिडबरोबरही तेच. आजींची झोपायची सोय आजच दुसऱ्या खोलीत करा. आणि ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही, दिवाळीपर्यंत पोपडे येतील. पण गळती थांबल्याशिवाय बाकी सगळं फुकट.

गारेगार मेकॅनिक:
अठरा वर्षं हेच काम करतोय. फिल्टर धुऊन ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर नेणारा पाइप, मोकळा होत नाही. टपटप एसी चालू असतानाच होते, की बंद असतानाही पाऊस लागला की होते? बंद असताना होत असेल तर पाणी पाइपसाठी भिंतीला पाडलेल्या भोकातून येतंय, ते भोक बाहेरून बुजवा. चालू असताना होत असेल तर एसीचा मेन स्विच बंद करून झाकण उघडा आणि आतल्या ट्रेमध्ये हळूहळू लिटरभर पाणी ओता. पाइपातून सरळ बाहेर पडलं पाहिजे. कॉइलवर, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर, बर्फ धरत असेल तर मात्र गॅस किंवा हवेची तक्रार, ते घरी होणार नाही. आणि बाहेर पाइपचं टोक कुठे सोडलंय ते बघा.

पूर्वेची वहिनी:
दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी उठून गॅलरीत गेले. टोक बादलीत बुडालेलं! तुळशीला पाणी होतं म्हणून यांनीच ठेवली होती. पाइप बाहेर काढून फुंकला तर आधी काही नाही, मग पिठल्यासारखा चिकट गोळा भस्सकन बाहेर. लिटरभर ओतलेलं पाणी आता धारेने येतंय.

गारेगार मेकॅनिक:
टोक पाण्यात बुडालं की आतली हवा कोंडते आणि पाणी उलट ट्रेमध्ये तुंबतं. बादली ठेवा, पण टोक वर लटकतं राहू द्या. पाइपला कुठे झोळ पडला असेल तर सरळ करा, तिथेच शेवाळ धरतं.

चुनाविटा:
आता भिंत. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, दार बंद. कोरडा ब्रश अजिबात नको, बुरशीची पूड घरभर उडते. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडकी फेकून द्या. सुटलेली पुट्टी ओली करून खरवडा. बुरशी नुसती मारून उपयोग नाही, मेलेल्या बुरशीचीही ॲलर्जी होते. मग पंखा लावा. वाळली का ते कळायला दोन फुटांचं प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. आत थेंब धरले तर अजून ओल आहे, रंगवाल्याला फोन करू नका. पावसाळ्यात याला महिना लागू शकतो. कपाटाची मागची प्लाय काढून टाका, तिच्यात मुळं शिरलेली असतात.

पूर्वेची वहिनी:
प्लाय गेली, भंगारवाल्यानेही घेतली नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आलंय, त्यामुळे दार पूर्ण उघडत नाही. सासूबाई हॉलमध्ये झोपतात, मालिका उशिरापर्यंत चालते म्हणून खूश आहेत. प्लास्टिकला आज सकाळी बारीक थेंब होते. हे मात्र रंगाचं शेड-कार्ड घेऊन बसलेत. पैठणी ड्रायक्लीनला देऊ की आधी सावलीत वारा देऊ, एवढं कुणीतरी सांगा.