वूफरचा फेज ० ठेवू का १८०? ड्रायव्हर सीटवर बासच लागंना

लातूरकर_८:
भावांनो मागच्या महिन्यात डिकीत १० इंची वूफर (बासचा मोठा स्पीकर) बसवला, अँप (अँप्लिफायर) वेगळा. डिकी उघडून उभं राहिलं की छातीत दणका बसतो पण आत सीटवर बसलं की बास कुठं जातो काय कळंना. बसवणाऱ्याकडं दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्यानं अँपचा गेन (आवाजाचा जोर) वाढवून दिला, आता औसा रोडला आवाज वाढवला की नंबर प्लेट खडखडायलीय अन् हलगीचा ठोका मात्र फुसका. अँपवर फेजचं बटण आहे, ० अन् १८०, ते नेमकं कशाला असतंय?

परभणीवाला:
गेन आधी कमी कर दादा, वूफरच्या आतली तारेची कॉइल जळंल. बास कमी नाहीये, कटायलाय. ८० हर्ट्झची लाट साधारण ४.३ मीटर लांब, डिकी तुझ्या कानापासून दारापेक्षा मीटरभर तरी लांब, वरून वूफरला फक्त जाडा आवाज सोडणारा लो पास फिल्टर पण आवाज मागं टाकतो, म्हणून दाराचा स्पीकर हवा ढकलतो तेव्हा वूफरची हवा ओढली जाते अन् दोघं एकमेकाला खातात. फेजचं बटण १८० केलं की वूफरचं ढकलणं-ओढणं उलटं होतंय. क्रॉसओव्हर (ज्या हर्ट्झच्या खालचा आवाज वूफरला जातो ती सेटिंग) जितक्यावर असंल तितक्याच हर्ट्झचा टोन (एकसुरी आवाज) लाव, काचा वर, तू सीटवर नेहमीसारखा बस, बटण दुसऱ्याला फिरवू दे अन् दरवेळी डिकी लावूनच ऐक. जास्त भरतंय तेच बरोबर.

बीडकर:
त्याच्या आधी दाराचे स्पीकर बघा!! एकाची प्लस-मायनस उलटी असली तर डावं-उजवंच एकमेकाला काटतंय, मग बटण कितीबी फिरवा. माझ्या भावाच्या गाडीत हेच निघालं. स्पीकरच्या वायरी सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, प्लसला प्लस, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला पाहिजे. ट्विटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) सेल लावू नका, कॉइल लई बारीक असती.

लातूरकर_८:
बीडकर भाऊ, जाळी काढून टॉर्च मारला, डाव्या दाराचा कोन उजव्यासारखा बाहेर यायचं सोडून आत गेला! तिथंच वायर पालटली. मग ८० चा टोन लावला, पोराला बटणावर बसवलं, १८० करून डिकी लावली अन् स्टिअरिंग हाताखाली थरथरलं, ० वर परत पोकळ. गेन निम्म्याच्या खाली आणलाय तरी ठोका आता बोनेटकडून आल्यासारखा वाटतो, लई समाधान झालं. क्रॉसओव्हर ६० केला तर हे परत बघावं लागंल का?

परभणीवाला:
हो, फिल्टर हलला की फेजबी हलतो. ६० चा टोन घेऊन परत बघ.