जिन्याची शहाबादी आणि व्हिनेगर

ब-३०२ : काल ग्रुपवर आलेला उपाय, म्हणजे बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर आणि दोन चमचे खाण्याचा सोडा, कोणी करून पाहिला आहे का? जिना पुसणाऱ्या मावशींना तसे सांगावे म्हणते.

अ-१०४ : काकू, कृपया सांगू नका. दोन्ही एकत्र केल्यावर येणारा फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. तो ओसरेपर्यंत सोड्याने व्हिनेगरचा आंबटपणा संपवलेला असतो आणि बादलीत फारसे कामाचे काही उरत नाही.

नुसते व्हिनेगर काम करते, पण खरी अडचण तिथेच आहे. बोअरच्या जड पाण्याचे टाइल्सवर पडणारे पांढरे डाग मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीतल्याच मुख्य घटकाचे असतात, म्हणून ते व्हिनेगरने निघतात. परंतु आपल्या जिन्यातली शहाबादी हा चुनखडीचाच दगड असल्याने व्हिनेगर डागाबरोबर फरशीही खाते. गच्चीवर पडलेल्या शहाबादीच्या तुकड्यावर मी चमचाभर टाकून पाहिले, तर बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर रुपयाएवढा फिकट, खरखरीत ठिपका राहिला, जो अजून गेलेला नाही. कापलेले लिंबू ठेवल्यावर ओट्याचा कडप्पा पांढरट पडतो, तोही हाच प्रकार.

ब-३०२ : मग घरातल्या व्हिट्रिफाइड टाइल्सचे काय? आणि पाण्यात मीठ?

अ-१०४ : टाइल्सना सहसा काही होत नाही, मात्र सांध्यांतले सिमेंट झिजते, म्हणून फक्त डागावर लावून पाच मिनिटांत साध्या पाण्याने धुवावे. मिठाने तेलकटपणा निघत नाही, उलट पावसाळ्यात ते ओल धरते. दृष्टीसाठी टाकत असाल तर माझे काही म्हणणे नाही.

क-२०१ : आमची फरशी चिकट होण्याचे कारण वेगळेच निघाले. एका झाकणाऐवजी मी चार झाकणे लिक्विड ओतत होतो आणि त्या साबणाच्या थरावर शेजारच्या यंत्रमागांची सुताची धूळ बसत होती. आता एकच झाकण टाकतो आणि शेवटचा हात साध्या पाण्याचा फिरवतो.

अ-१०४ : एक मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावे. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र झाल्यास क्लोरीन वायू सुटतो, जो बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतो. व्हिनेगरही ब्लीचिंगमध्ये मिसळू नये.

ब-३०२ : जिन्याखालच्या कपाटात ब्लीचिंगचा डबा आणि ॲसिडची बाटली एकाच खणात आहेत. आत्ताच खाली जाऊन वेगळ्या ठेवते आणि मावशींशीही बोलते.