मदत हवी आहे: आयोनिक ५ टेस्लाच्या सुपरचार्जरवर लावायची तर नेमका कुठला अडॅप्टर?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सेकंडहँड ह्युंदाई आयोनिक ५ घेतलीय, २०२३ चं मॉडेल, ऑल व्हील ड्राइव्ह. रोजचं जाणं-येणं घरच्या चार्जिंगवर भागतं, रात्री लावायची सकाळी काढायची, त्यामुळे बाहेरच्या चार्जिंगशी फारसा संबंधच आला नाही. आता आई-बाबा आलेत पुण्याहून, म्हणजे नायगारा आलाच, तो काही कुणाला चुकलेला नाही :) कॅनडाचा व्हिसा नाहीये त्यांच्याकडे, सो अमेरिकेच्याच बाजूने.

रस्ता असा ठरवलाय की स्क्रँटन, बिंगहॅमटन, वाटेत कॉर्निंगचं काचेचं म्युझियम, आईचे गुडघे बरे असले तर वॉटकिन्स ग्लेनची धबधब्यांची दरी, मग बफेलो. एका बाजूने ४०० मैलांच्या आसपास. गाडीची रेंज कागदावर २६६ मैल आहे पण चार माणसं, सामान, एसी आणि हायवेचा स्पीड म्हटल्यावर मी २०० च धरून चाललोय.

सीसीएसवाले (म्हणजे माझ्या गाडीत थेट बसणाऱ्या प्लगचे) जलद चार्जर वाटेत आहेत, नाही असं नाही, पण मागे एका ठिकाणी (नेटवर्कचं नाव घेत नाही) चारपैकी दोन बंद, एकाचा स्क्रीन काळा आणि उरलेल्यावर लाइन. म्हाताऱ्या माणसांना घेऊन तसलं नको. त्याच्याच पलीकडच्या पार्किंगमध्ये टेस्लाचे निम्मे स्टॉल रिकामे दिसत होते, तेव्हापासून डोक्यात अडॅप्टर घोळतोय.

तर एका मित्राकडे एक अडॅप्टर पडून आहे, तो म्हणतो घेऊन जा, मी हॉटेलांत टेस्लाच्या चार्जरवर माझी जुनी शेव्ही बोल्ट यावरच चार्ज करायचो. मुठीत मावेल एवढा आहे. एका बाजूला टेस्लाचं हँडल बसतं, दुसऱ्या बाजूला गोलात पाच भोकं. माझ्या गाडीच्या पोर्टमध्ये त्या गोलाच्या खाली आणखी दोन जाड पिना आहेत, वेगळं झाकण असलेल्या, त्यांच्याकडे हा अडॅप्टर ढुंकूनही बघत नाही. हा सुपरचार्जरवर चालेल का? नसेल तर ऑनलाइन दोनशे डॉलरवालेही आहेत आणि कधी न ऐकलेल्या नावांचे सत्तरवालेही, फरक नक्की कशात आहे? ह्युंदाईने जुन्या मालकांना फुकट दिले होते असं वाचलं पण पहिल्या मालकाने घेतला असला तरी माझ्या हातात काही आलेलं नाही. आणि केबल पोचते का? कुणी म्हणतं पोचते, कुणी म्हणतं दोन जागा अडवाव्या लागतात.

जाणकारांनी जरा उजेड टाका.

जर्सी_तर्री:
मित्राचा अडॅप्टर सुपरचार्जरवर अजिबात नको. तो एसी करंटचा, म्हणजे घरच्यासारख्या हळू चार्जिंगचा आहे, जे-१७७२ वाला (तो पाच भोकांचा गोल प्लग). हॉटेलात भिंतीवर लावलेला टेस्लाचा चार्जर असतो ना, त्याच्यासाठी. सुपरचार्जर डीसी (जलद चार्जिंगचा करंट) देतो आणि तुमच्या गाडीत डीसी आत जायची वाट म्हणजे खालच्या त्या दोन जाड पिनाच. गंमत (म्हणजे खरं तर घोळ) अशी की टेस्लाच्या प्लगमध्ये एसी आणि डीसी दोन्हीला त्याच दोन मोठ्या पिना वापरतात, त्यामुळे सुपरचार्जरचं हँडल त्या छोट्या अडॅप्टरमध्ये मस्त बसतं आणि माणसाला वाटतं जमलं. बसतं म्हणजे चालतं असं नाही. तुम्हाला नॅक्स (टेस्लाचा प्लग) ते सीसीएस१ (तुमच्या गाडीचं पोर्ट) असा डीसी अडॅप्टर हवाय, चांगला जाडजूड असतो, खालच्या दोन पिनांसकट अख्खं पोर्ट झाकतो.

पण मित्राचाही न्याच बरोबर, का ते खाली कुणीतरी सांगेलच.

वायरमन:
मीच सांगतो :) नायगाराला रात्री ज्या हॉटेलात राहाल तिथे टेस्लाचा वॉल कनेक्टर असेल तर हाच छोटा अडॅप्टर सोन्यासारखा. वॉल कनेक्टर जास्तीत जास्त ४८ अँपिअर देतो, तुमची गाडीही ११ किलोवॅटच्या आसपास घेते, झोपून उठेपर्यंत फुल्ल. फक्त दोन गोष्टी बघा. अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा, ४० लिहिलं असेल तर गाडीच्या सेटिंगमध्ये एसी करंट मॅक्सिममवरून खाली आणा. आणि हॉटेलला फोन करून विचारा की चार्जर फक्त टेस्लासाठी सेट केलेला नाही ना, काही ठिकाणी तसं करून ठेवलेलं असतं, मग अडॅप्टर कितीही चांगला असो, गाडी काही घेत नाही.

आता डीसीचं. हा अडॅप्टर म्हणजे आत काही डोकं नसलेला तांब्याचा सांधा आहे, व्होल्टेज बदलत नाही, भाषांतरही करत नाही. गाडी आणि चार्जर आपसात थेट बोलतात. व्ही३ आणि व्ही४ (तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या) सुपरचार्जरना सीसीएसची भाषा येते, जुन्या व्ही२ ना फक्त टेस्लाची स्वतःची. म्हणून व्ही२ वर कुठलाही अडॅप्टर लावा, काही होणार नाही. तिथे जाऊन खांब ओळखत बसू नका. टेस्लाचं ॲप घ्या, गाडी टेस्ला नसली तरी खातं उघडतं, त्यात दुसऱ्या कंपनीची गाडी चार्ज करायचा पर्याय आहे, तिथे गाडीचं मॉडेल टाकलं की जी ठिकाणं दिसतील तेवढीच आपली. नायगाराचा रस्ता त्या नकाशावर घरीच आखा.

सत्तर डॉलरवाल्याबद्दल: शेकडो अँपिअर अर्धा-पाऊण तास त्या सांध्यातून जाणार आहेत. आतले कॉन्टॅक्ट जरा सैल असले की तिथे उष्णता, आणि तापमान बघून करंट कमी करायला लावणारा सेन्सर त्यात आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. यूएल २२५२ हे या अडॅप्टरांचंच स्टँडर्ड आहे, ते सर्टिफिकेट असलेला घ्या किंवा सरळ ह्युंदाईच्या पार्ट्स काउंटरवरून. फुकटचा अडॅप्टर ३१ जानेवारी २०२५ पर्यंत गाडी घेतलेल्यांसाठी होता, पहिल्या मालकाचा फोन असेल तर विचारून बघा, बऱ्याच लोकांनी तो डब्यातून काढलेलाही नसतो. आणि एक्स्टेन्शन केबल म्हणून जे काही विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका, टेस्लाची त्याला परवानगी नाही.

हायवे_हौशी:
एक राहिलं. आयोनिक ५ ची बॅटरी ८०० व्होल्टच्या घराण्यातली आणि व्ही३ सुपरचार्जर ५०० च्या वर जात नाही. गाडी मागच्या मोटरमधून व्होल्टेज चढवून घेते, त्यात वेग पडतो, ढोबळ १०० किलोवॅट मिळतील. ३५० किलोवॅटच्या सीसीएसवर हीच गाडी १० ते ८० टक्के १८ मिनिटांत करते असं कंपनी सांगते, सुपरचार्जरवर अर्ध्या तासाच्या वर धरा. म्हणजे चांगला चालू सीसीएस मिळाला तर तोच घ्या, टेस्ला हा भरवशाचा प्लॅन बी. मी तरी तसंच करतो.

धागाकर्ता:
वा, केवढी माहिती! अर्धा तास चालेल हो, आई-बाबांना पाय मोकळे करायला तेवढा लागतोच, आणि बाबा थर्मासमधला चहा काढल्याशिवाय गाडीत परत बसत नाहीत. पहिल्या मालकाला मेसेज टाकलाय. केबलचं मात्र कुणी बोललं नाही?

गोडी_शेव:
आमची किआ ईव्ही६, पोर्ट तुमच्यासारखंच मागे उजवीकडे. टेस्लाचं मागे डावीकडे असतं आणि व्ही३ ची केबल त्याच मापाने आखूड ठेवलीय. रिव्हर्स लावली की स्वतःच्या खांबाची केबल ताणूनही पोचत नाही, शेजारच्या, म्हणजे गाडीच्या उजव्या अंगाच्या खांबाची घ्यावी लागते. मग तुमचा खांब मोकळा पण तिथे गाडी उभी करायला जागा नाही. रांगेच्या कडेला चार्जर नसलेली साधी जागा अशी मिळाली की गाडीच्या उजवीकडे कडेचा खांब येईल, तर कुणाचं काही अडत नाही. गर्दी असेल तर मी आधी बाकीच्यांना विचारते, बहुतेक लोक समजून घेतात, एखादा नाक मुरडतो. व्ही४ असेल तर केबल लांब आहे, तिथे हा प्रश्न नाही. ॲपमध्ये खांबावरचा नंबर टाकताना ज्याची केबल हातात आहे त्याचाच टाका, ज्याच्यासमोर गाडी आहे त्याचा नको, नाहीतर चार्जिंग सुरू का होत नाही म्हणत उभे राहाल.

लावताना अडॅप्टर आधी हँडलला, टक्क आवाज येईपर्यंत, मग दोन्ही मिळून गाडीत. काढताना ॲपमधून थांबवा, गाडी अनलॉक करा, दोन्ही एकत्रच ओढून काढा आणि मग हातात अडॅप्टर सोडवा. उन्हाळ्यात तो चांगलाच गरम लागतो.

दर टेस्लावाल्यांपेक्षा जास्त पडतो. महिन्याची मेंबरशिप १३ डॉलरच्या आसपास आहे, ती घेतली की त्यांच्याच दरात. एवढ्या ट्रिपला वसूल होते, परत आलात की बंद करा.

सदाशिव_पेठ_ते_सिंहगड:
पुण्यात नेक्सॉन ईव्ही आहे, आम्हाला असलं काही लागेल का हो?

वायरमन:
नाही. भारतात आताच्या जवळपास सगळ्या चारचाकींना सीसीएस२ (सीसीएसचाच वेगळ्या आकाराचा प्लग) च आहे, मुंबईत टेस्ला आली तीही सीसीएस२ घेऊनच. ई-व्हेरिटो आणि पहिली टिगोर ईव्ही, ज्यांना जीबी/टी (चिनी पद्धतीचं पोर्ट) होतं, त्यांची मात्र पंचाईत. तुमच्याकडे अडॅप्टर लागत नाही, दहा ॲपं लागतात, तो वेगळा धागा काढा.

धागाकर्ता:
पहिल्या मालकाचा रिप्लाय आला! ह्युंदाईचा डबा त्याच्या बेसमेंटमध्ये आहे, सीलसुद्धा फोडलेलं नाही, शनिवारी घेऊन जा म्हणतोय. पैसे नको म्हणाला, आईने चकलीचा डबा भरून ठेवलाय. मेंबरशिप निघायच्या आदल्या दिवशी घेईन. आता फक्त एवढं सांगा, बिंगहॅमटन ते कॉर्निंगच्या पट्ट्यात ॲपवर दिसणाऱ्यापैकी कुठल्या ठिकाणी शेजारी बरी रेस्टरूम आणि बसायला सावली आहे?