रॉयल एनफिल्ड सुपर मीटिअर ६५०: स्लिप-ऑन आणि मोकळा फिल्टर, ट्यूनर कुठला घ्यावा?

फोंडा६५०:
दोन्ही बाजूंना स्लिप-ऑन (फक्त मागचा सायलेन्सर बदललेला), हाय-फ्लो फिल्टर (जास्त हवा सोडणारा), एअरबॉक्सचं स्नॉर्केल (हवा आत घेणारी नळी) काढलेलं. हेडर (इंजिनापासून निघणारे पाइप) आणि कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) कंपनीचेच. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट, ३००० आरपीएमला एकाच थ्रॉटलवर धरली तर गाडी गचके खाते. रोजचा वापर फोंडा-पणजी, रविवारी चोर्ला घाट. फ्युएलएक्स, पॉवरट्रॉनिक (हे वेगळे जोडायचे ट्यूनर बॉक्स) की ईसीयू फ्लॅश (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलाच प्रोग्रॅम बदलणं)?

मांडवीकाठ:
दादा, पैसे घालण्याआधी गळती बघा. थ्रॉटल बंद असताना सैल जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं. इंजिन थंड असताना सुरू करा, दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांवर जाड फडकं दाबून धरा (दुसरा माणूस लागेल) आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की गॅस्केट बदला. हेडरचं चेपलेलं गॅस्केट पुन्हा बसवू नका. चेन ढिली असली किंवा थ्रॉटल केबलला जास्त खेळ असला तरी असेच गचके बसतात.

लॅम्ब्डा_एक:
गळती नसेल तर ट्यूनरवाल्याला एकच प्रश्न विचारा: तुमचा बॉक्स ऑक्सिजन सेन्सरचं (सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काय करतो? एकसारख्या वेगात ईसीयू त्या सेन्सरवर चालतो. ट्यूनरने इंजेक्टरमधून ५ टक्के जास्त पेट्रोल दिलं, की ईसीयू ते ट्रिममधून (स्वतःच्या दुरुस्तीतून) परत काढून घेतो, गचके तसेच. उलट नुसता सेन्सरचा सिग्नल बदलणारा स्वस्त बॉक्स क्रूझिंगला उपयोगी, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सेन्सरकडे बघतच नाही. दोन्ही सांभाळणारा हवा. पॉवरट्रॉनिक इग्निशन टायमिंगही बदलतो. तुमच्या कामाला त्याची गरज नाही. फ्लॅश सगळ्यात स्वच्छ, पण ट्यूनिंग करणारा माणूस वाइडबँड (मिश्रण अचूक मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावून मॅप (कुठे किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) करणारा असेल तरच.

आकडे लॅम्ब्डात मागा (१ म्हणजे हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त): क्रूझिंगला ०.९५ ते ०.९८, पूर्ण थ्रॉटलला ०.८७ च्या आसपास. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याचं आदर्श प्रमाण १३.५:१ च्या जवळ, शुद्ध पेट्रोलचं १४.७:१. एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या वजनाच्या प्रमाणात) बोललात की गोंधळ होणारच. जुन्या पेट्रोलवर केलेला तयार मॅप पूर्ण थ्रॉटलला कोरडा पडतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. वाइडबँडचा बंग (सेन्सर बसवायचं पाइपावरचं आट्याचं भोक) १८ मिमीचा, सेन्सर आडव्यापेक्षा वर कललेला ठेवा, नाहीतर पाइपातलं पाणी त्यात उतरून तो फुटतो. मॅपिंग झालं की सेन्सर काढून बंगला बूच लावा; हीटर बंद असलेला सेन्सर धुरात राहिला की काजळी धरून मरतो.

फोंडा६५०:
स्नॉर्केल परत बसवलं तर?

लॅम्ब्डा_एक:
तर बहुधा ट्यूनर लागणारच नाही. नुसत्या स्लिप-ऑनचा फरक ईसीयू स्वतः भरून काढतो. आधी तेच करा आणि आठवडाभर चालवून बघा.

मांडवीकाठ:
घेतलाच तर वायर कापणारे क्लिप-जोड नकोत. आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं आणि सिग्नल भलतेच यायला लागतात. कंपनीच्या कनेक्टरला बसणारं हार्नेसच घ्या, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, वायरला कनेक्टरच्या खाली झोल ठेवा म्हणजे पाणी तिथून गळेल. अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, फ्रेमच्या रंगलेल्या बोल्टला नको. स्लिप-ऑनचा डीबी किलर (आवाज कमी करणारा आतला तुकडा) काढू नका, आवाजाचं चलन वेगळं आणि मॅपही बिघडतो.