झबल्याचा गळा बाळाच्या डोक्यातून जातच नाहीये, काय करू?

नवी_मावशी
नमस्कार मंडळी, ताईचं बाळ आत्ता तीन आठवड्यांचं आहे आणि त्याच्यासाठी मी आईच्या जुन्या वॉयलच्या साडीची दोन झबली शिवली, साडी धुवून धुवून अगदी लोण्यासारखी मऊ झालीये. छातीला 19 इंच घेर, लांबी 11. अंगावर ठेवून बघितलं तर माप बरोबर होतं पण गळा डोक्यातून उतरेचना, बाळ रडून रडून लालबुंद झालं, मला इतकं वाईट वाटलं ना. गळा घडीवर 2 इंच रुंद (म्हणजे कापड उघडल्यावर 4), पुढे अडीच इंच खोल आणि मागे अर्धा इंच घेतला होता. अजून मोठा केला तर खांद्यावरून घसरेल ना? अजून सहा शिवायचीत, आणि संक्रांतीनंतर बोरन्हाणाला काळं झबलं आणि खणाची कुंची मीच शिवणार असं सगळ्यांना सांगितलंय. प्लीज मदत करा.

उरेबपट्टी
अगं तुझा गळा चुकलेला नाहीये, झबल्याची पद्धत चुकलीये. एवढ्या बाळाचं डोकं साधारण 14-साडेचौदा इंच भरतं आणि तू कापलेला गळा गोलात जेमतेम 11 इंच होतो, मग जाणार कसा? आणि डोक्याच्या मापाने कापलास तर खरंच खांदा उघडा पडेल कारण बाळाची मान बारीक असते. म्हणून तर आपल्या आज्या पुढून उघडं झबलं शिवायच्या, म्हणजे बाळाला झोपवूनच घालता येतं, मान सांभाळत डोक्यातून काही काढावं लागत नाही. पुढचे दोन्ही भाग मधल्या रेघेच्या पुढे 3-3 इंच जास्त कापायचे, अंगरख्यासारखे एकमेकांवर येतील असे, आणि बंद काखेजवळ लावायचे. एक जोडी आत, एक बाहेर. बंद 6 इंचापेक्षा लांब नको आणि गळ्याशी तर अजिबात नको.

झालेली दोन टाकू नकोस, पुढून मधोमध वरपासून खालपर्यंत सरळ काप, कडांना पट्टी लाव. मागून कापायचा मोह होईल पण बाळ दिवसभर पाठीवर असतं, गाठ टोचते. गळ्याला मात्र उरेब पट्टीच (कापडावर तिरकी कापलेली) हवी, सरळ पट्टी गोलावर नीट वळत नाही आणि गळा चुण्या पडून उभा राहतो.

मऊमलमल
+1. अजून एक, तान्ह्या बाळाच्या झबल्याची शिवण बाहेरून ठेवायची, म्हणजे उलटी बाजू वर. माझ्या सासूबाईंनी दाखवलं तेव्हा मला ते विचित्र दिसलं होतं पण माझ्या लेकीच्या काखेत आतल्या शिवणीने लाल रेघ उठली तेव्हा पटलं. तशी नको असेल तर फ्रेंच शिवण घाल, आधी उलट्या बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप, कडा कातरून उलटायचं आणि परत टीप. पातळ कापडाला मशीनला 11 नंबरची सुई लाव, 14ची भोकं पाडते. साडीच्या काठाचा भाग घेऊ नकोस, कडक असतो. आणि टिच बटणं, मणी, टिकल्या काही नको, वर्षभराच्या आत सगळं तोंडातच जातं. नवीन मलमल आणलीस तर आधी पाण्यातून काढ, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल.

कुंचीवाली
बोरन्हाणाच्या झबल्याचं माप आत्ता घेऊच नकोस!! पाच महिन्यांत बाळाचं वजन जन्माच्या जवळजवळ दुप्पट होतं, आठवडाभर आधी माप घे. काळं कापड मात्र आजच आण आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धू, पहिल्या धुण्यात रंग जातोच आणि बाळ घामेजलं की मानेवर उतरतो. आतून पांढऱ्या मलमलचं अस्तर दे.

कुंची अवघड नाही गं. डोक्याचा चौकोनी तुकडा दुमडून मागची बाजू शिवायची, मानेशी चुण्या घालून खाली पाठीवर घोळ जोडायचा. खणाची जर गालाला घासते म्हणून तिलाही अस्तर हवंच आणि ते कडेला पाव इंच बाहेर दुमडून घे, म्हणजे चेहऱ्याला मलमलच लागेल. आणि कुंची घालून बाळाला झोपवू नका, कार्यक्रम झाला की लगेच काढा, तोंडावर सरकते आणि उकडतं पण खूप.

नवी_मावशी
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार!! काल रात्री दोन्ही झबली पुढून कापली, एकाला उरेब पट्टी लावून झाली, आज सकाळी ताईने बाळाला झोपेतच घातलं आणि ते जागंही झालं नाही. दुसऱ्याचे बंद आज शिवते. फक्त एक सांगा, बंदाची बारीक नळी सरळ करताना माझी दोनदा उसवली, ती कशी करता?

उरेबपट्टी
नळी करूच नकोस. एक इंचाची पट्टी, दोन्ही कडा आत दुमडून मधून घडी आणि वरून एक टीप. टोकाला मात्र दोनदा टीप मार, बाळं तिथेच ओढतात.