मदत हवी आहे: एकटी उरलेली स्पिनिफेक्स हॉपिंग माऊसची मादी, सोबत आणावी का आणि आणल्यास कशी?

नमस्कार मंडळी,

आम्ही सिडनीच्या पश्चिम उपनगरात राहतो. आमच्या घरी स्पिनिफेक्स हॉपिंग माऊस या ऑस्ट्रेलियन वाळवंटी उंदरांच्या दोन माद्या, सख्ख्या बहिणी, रीतसर परवान्यावर पाळलेल्या होत्या. त्यांपैकी एक गेल्या महिन्यात वार्धक्याने गेली. दुसरीही त्याच वयाची आहे, म्हणजे तिची तीन वर्षे उलटून गेली आहेत, परंतु पशुवैद्यांनी तपासून तिची प्रकृती वयाच्या मानाने चांगली असल्याचे सांगितले आहे. आता ती एकटी आहे, आणि तिचे पुढे काय करावे याबद्दल मला अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

ज्यांना या प्राण्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. न्यू साउथ वेल्समध्ये मूळचे ऑस्ट्रेलियन सस्तन प्राणी घरी ठेवण्याबाबतचे नियम कडक आहेत. शेजारच्या व्हिक्टोरियात परवाना काढून शुगर ग्लायडर (झाडांवरून हवेत तरंगत जाणारा छोटा प्राणी) ठेवता येतो, इथे ठेवता येत नाही. इथे परवान्यावर मिळणाऱ्या अगदी मोजक्या प्राण्यांत स्पिनिफेक्स हॉपिंग माऊस आणि प्लेन्स रॅट हा आणखी एक देशी उंदीर, हे दोन येतात. तेही रानातून पकडून आणता येत नाहीत. परवानाधारकाकडे जन्मलेलेच घ्यावे लागतात आणि त्यांची नोंद ठेवावी लागते. माझ्या मुलीला इथल्या मातीतला प्राणी जवळून पाहायचा होता, म्हणून आम्ही पूर्ण विचार करून हे दोन जीव घरी आणले.

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये हा प्राणी राहतो. वजन साधारण 35 ग्रॅम, कान मोठे आणि पातळ, मागचे पाय लांब, आणि अंगापेक्षाही लांब शेपटी, जिच्या टोकाला गडद केसांचा झुबका असतो. घाई झाली की तो फक्त मागच्या पायांवर उड्या घेत पळतो. त्याची मूत्रपिंडे इतकी कार्यक्षम असतात की रानात तो पाणी न पिताही बिया, कोवळे कोंब आणि किडे यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर जगू शकतो. (घरी मात्र पाण्याची बाटली कायम ठेवावी, आम्ही ठेवतो.) दिवसाचा उकाडा तो खोल, ओलसर बिळात काढतो, आणि त्या बिळात एकटा नसतो, तर अनेक जण एकमेकांना बिलगून झोपतात. माझी सारी काळजी या शेवटच्या गोष्टीतून आली आहे.

दोघी होत्या तेव्हा संध्याकाळी दिवे मंद केले की आधी एक बाहेर येई, वाळू उकरून मागच्या पायांनी मागे फेकू लागे, आणि थोड्या वेळाने दुसरी त्याच खड्ड्यात शिरून तेच काम पुढे चालवी. पहाटे पाहावे तर एकीचे डोके दुसरीच्या पाठीवर. आता उरलेली मादी खाते नीट. बी पुढच्या दोन्ही पायांत धरून सोलते आणि टरफलांचा छोटा ढीग एकाच जागी टाकते. वजनही उतरलेले नाही, मी दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर करते. पण उकरणे जवळजवळ थांबले आहे. रात्री बराच वेळ ती तिच्या राहण्याच्या काचेच्या टाकीच्या एकाच कोपऱ्यात उभ्याने वर उडी मारते, खाली येते, पुन्हा उडी मारते, आणि हे न थांबता चालते. झोपायलाही ती लाकडी घरट्यात न जाता पाण्याच्या बाटलीखाली जाऊन बसते.

माझ्यासमोर तीन मार्ग आहेत आणि तिन्हींत मला अडचण दिसते. पहिला, तिला उरलेले आयुष्य एकटीच राहू द्यावे. कळपात राहणाऱ्या प्राण्याला एकटे ठेवणे माझ्या मनाला पटत नाही. दुसरा, एक तरुण मादी आणावी. परंतु परक्या माद्यांमध्ये गंभीर मारामाऱ्या होतात असे मी वाचले आहे, आणि समजा जमले, तरी वर्षभरात ही म्हातारी गेल्यावर ती नवीन एकटी पडेल आणि हीच वेळ पुन्हा येईल. तिसरा मार्ग म्हणजे ज्यांच्याकडे मोठा गट आहे अशा परवानाधारकाकडे तिला सोपवावे. या वयात तिला नवी जागा, नवे वास आणि नवे सोबती हे सगळे एकदम सोसवेल का, ही भीती आहे. नर आणण्याचा विचार आम्ही केलेला नाही, कारण या वयात तिला बाळंतपण नको, आणि पिल्लांची जबाबदारी घेण्याची आमची तयारी नाही.

दोन लहान प्रश्नही आहेत. सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून आणलेली बाजरी आणि राळे त्यांच्या खाण्यात मिसळले तर चालतील का? आणि सिडनीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या दमट हवेत टाकीतली वाळू कोरडी ठेवण्यासाठी आपण काय करता?

कृपया ज्यांनी हे प्राणी किंवा त्यांच्यासारखे कळपात राहणारे लहान प्राणी ठेवले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे.

*

प्रतिसाद, ॲडलेडहून

नमस्कार ताई. मी बरीच वर्षे हॉपिंग माऊस ठेवतो, त्यामुळे आपण वर्णन केलेली कोपऱ्यातली उडी मला चांगलीच ओळखीची आहे. सोबत गेल्यावर ती दिसते, पण टाकीत करण्यासारखे काही उरले नाही की तेव्हाही दिसते, म्हणून सोबतीचा निर्णय होईपर्यंत आधी टाकी बदलून पाहावी. वाळू एका बाजूला किमान वीतभर खोल करा, वाळलेल्या गवताच्या काड्या, झाडाची साल आणि पोकळ फांद्या ठेवा, आणि बिया भांड्यात न देता वाळूत विखरून टाका, म्हणजे तिला शोधाव्या लागतील. उड्या कमी झाल्या तर आपल्याला निवांतपणे विचार करायला वेळ मिळेल.

सोबतीबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की एक नव्हे, दोन तरुण बहिणी आणाव्यात. म्हातारी गेल्यावर त्या एकमेकींना असतात, आणि आपण म्हणता ती साखळी तिथे थांबते. शिवाय दोन लहान माद्या आपसात खेळण्यात गुंतलेल्या असतात, त्यामुळे म्हातारीवर सगळा जोर येत नाही. त्या सिडनीच्या आसपासच्या परवानाधारकाकडूनच घ्या. दुसऱ्या राज्यातून आणायच्या तर आयातीची वेगळी परवानगी काढावी लागते.

भेट घडवताना घाई करू नका. नव्या माद्या आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे उवा, माइट (अंगावरचे अतिसूक्ष्म परजीवी) किंवा जुलाब असतील तर कळून येतील. मग दोन टाक्या शेजारी आणून रोज इकडची मूठभर वाळू तिकडे आणि तिकडची इकडे टाका. हे प्राणी एकमेकांना मुख्यतः वासाने ओळखतात, त्यामुळे ही पायरी गाळू नये. शेवटी म्हातारी किंवा नव्या माद्या, कोणाच्याही वापरात नसलेली, स्वच्छ धुतलेली तिसरी टाकी घ्या, तीत प्रत्येक घरट्याला दोन तोंडे ठेवा, म्हणजे कोणी कोणाला आत कोंडणार नाही, आणि संध्याकाळी त्या जाग्या असताना आपण समोर बसून राहा. हुंगणे, अंगावर चढणे, थोडा पाठलाग हे चालते. पार्श्वभागावर किंवा शेपटीवर चावे दिसले, किंवा एक जण कोपऱ्यात चिडीचूप बसून राहिली, तर लगेच वेगळ्या करा आणि आठवड्यानंतर पुन्हा सुरुवात करा. वेगळ्या करताना शेपटीला हात लावू नका. शेपटीची कातडी सुटून येते आणि ती परत वाढत नाही. कपात किंवा पुठ्ठ्याच्या नळीत शिरू देऊन उचला.

बाजरी आणि राळे चालतील. फिंच या छोट्या पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या दाण्यांच्या मिश्रणात बहुतेक अशीच बारीक तृणधान्ये असतात. मात्र खाण्यासाठी विकलेले धान्यच घ्या, पेरणीचे नको, कारण बियाण्याला औषध चोळलेले असते. सूर्यफुलाच्या बिया फार देऊ नका. त्या या प्राण्यांना सर्वांत आवडतात आणि त्या खाऊनच ते स्थूल होतात.

*

प्रतिसाद, मेलबर्नहून

मी लहान प्राण्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, फक्त एक गोष्ट जोडते. नवीन माद्या आणण्याआधी आपल्या मादीचे दात पुन्हा तपासून घ्या. उंदीरवर्गीय प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि म्हातारपणी ते वाकडे झाले तर तिचे खाणे हळूहळू कमी होते, जे बाहेरून लक्षात येत नाही. अशा वेळी गटात ती मागे पडते. दात ठीक असतील आणि वजन टिकून असेल तर तीन वर्षांच्या मादीला सोबत देण्यात मला वैद्यकीय अडचण दिसत नाही.

दमट हवेबाबत: काचेच्या टाकीचे झाकण पूर्ण जाळीचे ठेवा, वाळूचा वरचा थर दर दोन दिवसांनी हलवा, आणि पाण्याची बाटली ठिबकत नाही ना हे रोज बोटाने पाहा. बाटलीखालची वाळू ओली राहिली की तिथे बसणाऱ्या प्राण्याच्या पोटाची त्वचा खराब होते. आपली मादी नेमकी तिथेच झोपते आहे, म्हणून तिचे पोट आजच पाहून घ्यावे. टाकी थेट उन्हात येईल अशी खिडकी टाळा. काच तापली की बिळाशिवाय तिला पळायला जागा उरत नाही.

*

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. पोट पाहिले, केस थोडे विरळ झाले आहेत, पण त्वचा लाल नाही. बाटली दुसऱ्या बाजूला हलवली आहे आणि वाळू बदलली आहे. दात तपासण्यासाठी पशुवैद्यांची वेळ घेतली आहे.

दोन बहिणींचा पर्याय आम्हाला पटला आहे. हॉपिंग माऊसच्या दहा ज्ञात जातींपैकी पाच जाती युरोपीय वसाहतीनंतर नष्ट झाल्या, आणि त्याला मांजरे, कोल्हे व चराईमुळे उजाड झालेली जमीन मोठ्या प्रमाणात कारणीभूत मानली जाते, हे वाचल्यापासून माझी मुलगी या प्राण्यांकडे पाळीव म्हणून न पाहता जबाबदारी म्हणून पाहते. तिनेच तिसऱ्या टाकीसाठी जागा मोकळी केली आहे.

एक शंका उरली आहे. डिसेंबरच्या सुटीत आम्ही पुण्याला जाणार आहोत. भेटीची पायरी त्याआधी पूर्ण करावी, की परत आल्यावर सुरू करावी?

*

प्रतिसाद, ॲडलेडहून

परत आल्यावर. नव्या गटावर पहिले काही आठवडे ज्याने त्यांना जुळवले त्याचीच नजर हवी. पाहुण्या माणसाला पाठलाग आणि मारामारी यांतला फरक कळणार नाही. आपण नसताना देखभाल करणाऱ्याला परवान्याखाली काय चालते, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी लेखी विचारून ठेवा. तोवर विखुरलेल्या बिया आणि खोल वाळू हे दोन्ही चालू ठेवा, आणि ती पुन्हा उकरू लागली का ते इथे जरूर कळवा.